आधी वायर, मग लॅडर

चि. मुलीस,
अनेक आशीर्वाद.

रबाळ्याच्या पॅनल शॉपमध्ये तू वायरिंगला लागलीस, फार बरं वाटलं. आता पीएलसी, म्हणजे मशीन चालवणारा छोटा कॉम्प्युटर, शिकायचं म्हणतेस आणि विचारतेस, सीमेन्सपासून सुरुवात करू की डेल्टापासून, आणि क्लास लावू का.

ब्रँडचं उत्तर सोपं आहे. जे फुकट हाताशी येईल ते घे. कोडेसिस हे पीएलसीचा प्रोग्रॅम लिहायचं सॉफ्टवेअर तुझ्या लॅपटॉपवर पैसे न भरता उतरवता येतं आणि त्यातच सिम्युलेशन करता येतं. त्याच्यासोबतची लॅपटॉपवर चालणारी पीएलसी विनापरवाना दोन तासांनी थांबते. पुन्हा चालू करायची, शिकताना तेवढं पुरतं. १९९३ साली आयईसी ६११३१-३ या आंतरराष्ट्रीय मानकाने पीएलसीच्या प्रोग्रॅमिंग भाषांना एक चौकट दिली. पुढे कंपनी बदलली की मेनू बदलतात, पत्ते लिहायची पद्धत बदलते, विचार तोच राहतो. क्लासबद्दल एवढंच, की पैसे भरण्याआधी विचार: एका पीएलसीवर किती मुलं बसतात, आणि वायर मला स्वतःला जोडायला मिळेल का? दुसऱ्या प्रश्नाला सर घुटमळले तर तिथून परत ये.

कारण वायरमध्येच सगळं आहे, आणि तू नेमकी तिथेच काम करतेस. पहिली पीएलसी बनली ती रिलेचे, म्हणजे विजेने चालणाऱ्या स्विचचे, मोठमोठे पॅनल काढून टाकायला. १९६८ मध्ये जनरल मोटर्सच्या हायड्रामॅटिक विभागाने अशी मागणी मांडली आणि १९६९ मध्ये डिक मॉर्ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांची मोडिकॉन ०८४ आली. रिलेची ड्रॉइंग वाचणाऱ्या वायरमनला कळावं म्हणून प्रोग्रॅम लॅडरच्या, म्हणजे शिडीसारख्या दिसणाऱ्या आकृतीच्या, रूपात ठेवला. तू रोज कॉन्टॅक्टरचे, म्हणजे मोटरच्या मोठ्या स्विचचे, ए१-ए२ (कॉइल) आणि १३-१४ (त्याच्यासोबत जुळणारा छोटा कॉन्टॅक्ट) जोडतेस, मोटर जास्त करंट घेऊ लागली की ट्रिप होणाऱ्या ओव्हरलोडचे ९५-९६ कॉइलच्या सिरीजमध्ये घेतेस, म्हणजे अर्धं लॅडर तुझ्या हातात आहेच.

अभ्यासासाठी मुंबईत कारखाना शोधत फिरायला नको. तुमच्या सोसायटीचा पंप घे. पालिकेचं पाणी ठरलेल्या वेळी खालच्या टाकीत येतं आणि पंप ते गच्चीवर चढवतो. लॅपटॉप उघडू नकोस. कागदावर साध्या मराठीत लिही: वरची टाकी खालच्या खुणेपर्यंत उतरली आणि खालच्या टाकीत पाणी असलं, तर पंप सुरू व्हावा. वरची टाकी भरेपर्यंत चालावा. खालचं पाणी संपलं, ओव्हरलोड ट्रिप झाला किंवा कुणी स्टॉप दाबला, तर बंद व्हावा. वर दोन फ्लोट, म्हणजे पाण्याची पातळी सांगणारे तरंगते स्विच, का लागतात, याचा विचार कर. एकच ठेवला तर पाणी जरा हललं की पंप चालू-बंद होत राहील, आणि मोटर खरी तापते ती वारंवार सुरू होण्याने. ‘भरेपर्यंत चालावा’ यासाठी होल्डिंग, म्हणजे एकदा सुरू झाल्यावर स्वतःलाच चालू धरून ठेवणं, लागतं, तेच तुझं १३-१४.

आता त्याच कागदावर प्रत्येक ओळीसमोर लिही: ही वायर तुटली तर? गच्चीवरच्या फ्लोटची वायर सगळे मजले उतरून डक्टमधून खाली येते. ती कधीतरी उंदीर कुरतडतो, कधी प्लंबरचा धक्का लागतो. टाकी भरल्यावर बंद होणारा (कॉन्टॅक्ट बंद म्हणजे जोडलेला, उघडा म्हणजे तुटलेला) कॉन्टॅक्ट वापरलास, तर तुटलेल्या वायरचा अर्थ ‘टाकी भरली नाही’ असा होईल आणि पाणी रात्रभर गच्चीवरून वाहत राहील. म्हणून टाकी भरलेली नसताना बंद असणारा आणि भरली की उघडणारा कॉन्टॅक्ट घे. वायर तुटली की पीएलसीला टाकी भरल्यासारखी वाटेल आणि पंप थांबेल. खालच्या टाकीचंही तसंच: पाणी आहे तोवर कॉन्टॅक्ट बंद, पाणी गेलं की उघडा.

स्टॉप बटण याच कारणाने एनसी, म्हणजे न दाबता जोडलेलं आणि दाबल्यावर तुटणारं, जोडतात. आणि इथेच नवशिके अडकतात. बटण एनसी आहे म्हणून लॅडरमध्येही एनसी कॉन्टॅक्ट टाकतात, मग मशीन सुरूच होत नाही. नीट बघ: बटण कुणी दाबलेलं नसताना इनपुटला २४ व्होल्ट मिळतातच, म्हणजे तो बिट १ आहे. म्हणून लॅडरमध्ये तो एनओ, म्हणजे बिट १ असताना जोडलेला धरला जाणारा, काढायचा. लॅडरला बटण दिसत नाही, फक्त इनपुटवर व्होल्टेज आहे की नाही एवढं दिसतं. हे मल्टिमीटर इनपुटच्या टर्मिनलवर लावून, बटण दाबून-सोडून बघ. लॅमिंग्टन रोडवरून २४ व्होल्टचा एक छोटा एसएमपीएस (पॉवर सप्लाय), दोन पुश बटणं आणि एक रिले आण. हा पसारा तुला पुष्कळ शिकवेल.

पण वायर तुटली की सगळं थांबवायचं, हा नियम डोळे झाकून लावू नकोस. बिल्डिंगच्या बेसमेंटमध्ये पावसाचं पाणी उपसणारा पंप असतो. जुलैत भरतीच्या वेळी मुसळधार पाऊस चालू आहे, तेव्हा फ्लोटची वायर तुटली आणि पंप गुपचूप बंद राहिला, तर खालच्या गाड्या बुडतील. हाजी अली आणि लव्ह ग्रोव्हची पंपिंग स्टेशनं शहरातलं पावसाचं पाणी समुद्रात टाकतात. तिथे तर पंप न चालणं हेच संकट. अशा जागी वर आणखी एक स्वतंत्र फ्लोट लागतो, हूटर लागतो, आणि पंप सुरू कर म्हटल्यावर कॉन्टॅक्टर खरोखर ओढला गेला का हे दोन सेकंदांत तपासणारा टायमर लागतो. कोणत्या बाजूला बिघडलेलं परवडेल, ते त्या जागेवर उभं राहूनच ठरतं. हा विचार कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये येत नाही, तो तुलाच करायचा आहे.

वीज परत आल्यावर काय व्हावं, हेही तसंच ठरतं. ऑटोवर असलेला पाण्याचा पंप थोडं थांबून आपणहून सुरू झाला तर हरकत नाही. प्रेस किंवा कन्व्हेयर मात्र माणसाने पुन्हा स्टार्ट दाबल्याशिवाय हलता कामा नये. कुणाचा तरी हात आत असू शकतो. इमर्जन्सी स्टॉप तर साध्या पीएलसीच्या भरवशावर कधीच सोडू नकोस. तो हार्डवायर असतो, सेफ्टी रिलेमधून थेट पॉवर तोडतो. पीएलसीला फक्त कळवायचं.

प्रोग्रॅम कसा चालतो, ते एकदा पक्कं कर. पीएलसी आधी सगळे इनपुट वाचते, मग वरून खाली लॅडरची एकेक पायरी (इंग्रजीत ‘rung’) सोडवते, शेवटी आउटपुट लिहिते, आणि पुन्हा पहिल्यापासून. म्हणून एकाच आउटपुटची कॉइल दोन ठिकाणी काढलीस, तर खालची जिंकते. वरची पायरी स्क्रीनवर पेटलेली दिसते आणि दिवा मात्र लागत नाही. अशा वेळी सेन्सर बदलायला धावू नकोस, आधी क्रॉस रेफरन्स, म्हणजे ते आउटपुट प्रोग्रॅममध्ये कुठे कुठे आलंय याची यादी, काढून बघ. एक आउटपुट, एक कॉइल.

टॅगला, म्हणजे प्रोग्रॅममधल्या प्रत्येक सिग्नलला, नाव देताना ‘एम१०’ नको. ‘गच्ची_टाकी_भरली_नाही’ असा अर्थ नावातच दिसू दे. सॉफ्टवेअर देवनागरी घेत नसेल तर तेच रोमन अक्षरांत लिही. रात्रपाळीचा वायरमन तुझा प्रोग्रॅम उघडेल तेव्हा तू फोनवर नसशील.

साइटवर पहिल्यांदा जाशील तेव्हा एवढं कर. आधी मशीनमधला चालू प्रोग्रॅम लॅपटॉपवर अपलोड करून तारखेसह सेव्ह करायचा, मगच काही बदलायचं. मशीन डोळ्यांसमोर नसताना कोणताही आउटपुट फोर्स, म्हणजे प्रोग्रॅमला डावलून जबरदस्तीने चालू किंवा बंद, करायचा नाही. आणि केलेले सगळे फोर्स काढल्याशिवाय केबल काढायची नाही.

सोसायटीच्या पंपाचा कागद आधी मला पाठव. त्यात दुसरा पंपही धर: दोघांनी आळीपाळीने चालायचं, एक ट्रिप झाला की दुसऱ्याने लगेच उचलायचं. लॅडर नंतर बघू.

तुझा,
काका