‘वर्णद्वेष’, ‘पूर्वग्रह’ की ‘दुजाभाव’? स्वसंरक्षणाच्या खटल्यांविषयी मराठीत लिहिताना

प्रश्न असा आहे : अमेरिकेतील खटल्यांवरच्या एका लेखाचा मराठी अनुवाद करताना प्रश्नकर्त्या भगिनींनी ‘स्वसंरक्षण कायद्यातील वर्णद्वेष’ असे शीर्षक दिले, आणि संपादकांनी ते खोडून ‘स्वसंरक्षण कायद्यातील वांशिक पूर्वग्रह’ असे केले. यांतले योग्य कोणते, आणि ‘स्टँड युवर ग्राउंड’ या नावाच्या कायद्याला ‘पाय रोवून उभे राहण्याचा कायदा’ म्हणावे का, असे त्यांनी विचारले आहे.

माझी पहिली हरकत दोन्ही शीर्षकांत कायम राहिलेल्या ‘कायद्यातील’ या शब्दाला आहे. फ्लोरिडा राज्याने २००५ साली जो ‘स्टँड युवर ग्राउंड’ कायदा केला आणि ज्याचे अनुकरण पुढे इतर अनेक राज्यांनी केले, त्याच्या कलमांत गोऱ्या किंवा कृष्णवर्णीय माणसांचा उल्लेख कोठेही नाही. मृत्यूची किंवा गंभीर इजेची वाजवी धास्ती वाटणाऱ्या कोणालाही, तो जेथे हक्काने उभा आहे तेथून मागे न हटता, प्रतिकारासाठी प्राणघातक बळ वापरता येते, असे ते कलम सर्वांना उद्देशून सांगते. आक्षेप आहे तो हे कलम वापरण्याच्या रीतीवर. त्यामुळे येथे ‘कायद्याच्या अंमलातील’ असे लिहिले पाहिजे. एका शब्दाने आरोपाचा रोख बदलतो, आणि ज्याने मूळ कलम वाचले आहे असा वाचक ‘कायद्यातील’ या शब्दापाशीच लेख बाजूला ठेवील.

आता मुख्य शब्द. ‘तफावत’, ‘दुजाभाव’, ‘पूर्वग्रह’ आणि ‘द्वेष’ हे चार शब्द आपण एकमेकांच्या जागी सर्रास वापरतो, पण प्रत्येकासाठी लागणारा पुरावा वेगळा असतो. आकड्यांत दिसते ती तफावत. अर्बन इन्स्टिट्यूट या संस्थेचे संशोधक जॉन रोमन यांनी २०१३ साली, एफबीआयकडे जमा झालेल्या २००५ ते २०१० या वर्षांतील मनुष्यवधाच्या नोंदी तपासल्या. मारणारा गोरा आणि मृत कृष्णवर्णीय असेल अशा घटनांपैकी सुमारे ११ टक्के घटना समर्थनीय ठरल्या होत्या, तर मारणारा कृष्णवर्णीय आणि मृत गोरा असेल तेव्हा हे प्रमाण सुमारे १ टक्का होते. फ्लोरिडातील ‘टँपा बे टाइम्स’ या वृत्तपत्राने २०१२ साली जवळपास २०० प्रकरणे तपासली, तेव्हा कृष्णवर्णीय व्यक्तीला मारणाऱ्यांपैकी ७३ टक्के लोकांना कोणतीही शिक्षा झाली नसल्याचे, आणि गोऱ्या व्यक्तीला मारणाऱ्यांत हे प्रमाण ५९ टक्के असल्याचे आढळले. (येथे ‘समर्थनीय खून’ असे मुळीच लिहू नये. खून म्हटले की गुन्हा आलाच. ‘समर्थनीय मनुष्यवध’ हाच प्रयोग योग्य आहे.)

अशा नोंदींत घटनेचे सगळे तपशील नसतात, म्हणून एवढ्यावरून कोणा एका ज्यूरीच्या मनात काय होते हे सांगता येत नाही. मनातल्या गोष्टीसाठीच ‘पूर्वग्रह’ हा शब्द आहे : पूर्वी, म्हणजे पुरावा समोर येण्याआधीच, मनाने जे धरून ठेवले आहे ते. ‘द्वेष’ त्याच्याही पुढचा. त्यात वैर आणि हेतू दोन्ही आले. ज्या ज्यूरीला कोणाचाही द्वेष नाही, तीही एका मुलाच्या डोक्यावरची हूडी पाहून घाबरणाऱ्याची भीती खरी मानू शकते आणि दुसऱ्या कोणाची तशीच भीती नाकारू शकते. या व्यवहाराला मराठीत जुना आणि नेमका शब्द आहे, ‘दुजाभाव’. संतांच्या अभंगांत पावलोपावली भेटणारा ‘दुजा’ त्यात आहे, आणि एकाला आपला व दुसऱ्याला परका धरून वागवणे एवढेच तो सांगतो. वागवणाऱ्याच्या अंतःकरणाविषयी तो काहीही गृहीत धरत नाही. संपादकांचा ‘पूर्वग्रह’ चुकीचा नाही, परंतु लेखाचा आधार निकालांचे आकडे असतील तर ‘दुजाभाव’ अधिक प्रामाणिक ठरेल.

‘वर्ण’ की ‘वंश’ याचा निर्णय मला तितका अवघड वाटत नाही. ‘वर्णद्वेष’ हा शब्द दक्षिण आफ्रिकेच्या बातम्यांमुळे मराठीत रुळला. पण ‘वर्ण’ म्हटल्यावर आपल्या वाचकाला चातुर्वर्ण्यही आठवते, आणि अमेरिकेतील भेद प्रत्येक वेळी कातडीच्या रंगावर मोजता येत नाही. ‘वंश’ म्हणजे मुळात वेळू. पेरामागून पेर तशी पिढीमागून पिढी, म्हणून कूळ. तोही शब्द पूर्णपणे बसत नाही, तरी ‘वांशिक’ हे विशेषण या अर्थाने आता स्थिरावले आहे. फ्लोरिडातील सॅनफर्ड येथे २६ फेब्रुवारी २०१२ रोजी १७ वर्षांच्या निःशस्त्र कृष्णवर्णीय ट्रेव्हॉन मार्टिनला गोळी घालणारा जॉर्ज झिमरमन हा पेरूमधून आलेल्या आईचा मुलगा होता. ‘गोरा विरुद्ध काळा’ अशी रंगाची मांडणी तेथेच अपुरी पडते.

मला सर्वांत जास्त सांगायचे आहे ते मात्र आपण न विचारलेल्या शब्दाविषयी. आपल्या मसुद्यात ‘योग्य भीती’ असा प्रयोग दोनदा आला आहे. तो ‘वाजवी धास्ती’ असा करावा, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. घडून गेलेल्या आघाताने मनात बसतो तो धसका, आणि पुढे काही घडेल या शंकेने वाटते ती धास्ती. कायद्याला प्रयोजन आहे ते दुसरीशी. ‘वाजवी’ हा शब्द आपण दरांसाठी वापरतो, आणि दर वाजवी आहे की नाही हे एकटा दुकानदार ठरवत नाही, चार दुकाने हिंडलेले गिऱ्हाईक ठरवते. कोणाच्या नजरेने वाजवी, हा प्रश्न या शब्दाच्या पोटातच आहे, आणि या सगळ्या खटल्यांचा निकाल त्याच प्रश्नावर लागतो.

न्यू यॉर्कच्या भुयारी रेल्वेत २२ डिसेंबर १९८४ रोजी बर्नहार्ड गेट्झ या गोऱ्या प्रवाशाने, पाच डॉलर मागणाऱ्या कृष्णवर्णीय तरुणांवर गोळ्या झाडून चौघांना जखमी केले. धास्ती त्याला स्वतःला वाजवी वाटली म्हणजे पुरे, असे मानून खालच्या न्यायालयांनी मुख्य आरोप रद्द केले होते. राज्याच्या सर्वोच्च अपील न्यायालयाने १९८६ साली ते आरोप पुन्हा उभे केले आणि सांगितले की, धास्ती त्याच्या परिस्थितीतील समंजस माणसालाही वाजवी वाटली पाहिजे. मात्र त्या परिस्थितीत आरोपीचे पूर्वीचे अनुभवही धरता येतील. १९८७ साली ज्यूरीने त्याला खुनाच्या प्रयत्नाच्या आरोपातून मुक्त केले आणि बेकायदा शस्त्र बाळगल्याबद्दल दोषी धरले. ‘त्याला वाजवी वाटली’ आणि ‘वाजवी होती’ या दोन वाक्यांमधले अंतर मराठीत अगदी स्पष्ट उतरते, म्हणून अनुवादात ते जपावे. तो समंजस माणूस कोण आणि कोणाला पाहून तो दचकतो, हे शेवटी ज्यूरीच्या कल्पनेवर राहते, आणि दुजाभाव शिरतो तो तेथून.

‘पाय रोवून उभे राहणे’ या प्रयोगात मराठीत शौर्याची स्तुती आहे. ‘ठाण मांडणे’ तर मोर्चाकडे किंवा नको असलेल्या पाहुण्याकडे जाते. कायद्याचा गाभा नकारात्मक आहे : माघार घेण्याचे बंधन नाही. म्हणून मूळ नाव देवनागरीत देऊन प्रथम उल्लेखात ‘म्हणजे माघारीचे बंधन काढणारी तरतूद’ असे लिहावे. झिमरमनच्या वकिलांनी या तरतुदीखाली खटल्याआधीची सुनावणी मागितली नव्हती. तरी ज्यूरीला दिलेल्या सूचनांत माघारीचे बंधन नसल्याचे शब्द होते, आणि १३ जुलै २०१३ रोजी तो निर्दोष सुटला. या दोन्ही गोष्टी लेखात एकत्र याव्यात, नाहीतर अर्धेच सत्य पोहोचते.

मारिसा अलेक्झांडरच्या प्रकरणात आपण ‘हवेत गोळीबार’ लिहिले आहे, ते बदलावे. जॅक्सनव्हिलच्या या कृष्णवर्णीय स्त्रीने २०१० साली नवऱ्याला रोखण्यासाठी झाडलेली गोळी भिंतीत गेली होती. ‘इशाऱ्याची गोळी’ असे म्हणता येईल. कोणी जखमी झाले नाही, तरी तिचा बचाव नाकारला गेला आणि २०१२ साली तिला २० वर्षांची शिक्षा झाली. अपिलात २०१३ साली तो निकाल रद्द झाला, कारण स्वसंरक्षण सिद्ध करण्याचा भार ज्यूरीला दिलेल्या सूचनांनी चुकीने तिच्यावर टाकला होता. तिचा नवराही कृष्णवर्णीयच होता, हे लपवू नये. माझ्या मते हे प्रकरण अत्यंत अन्यायाचे आहे, पण ‘पूर्वग्रह सिद्ध झाला’ असे त्यावरून लिहिता येणार नाही.

राहिला ‘स्वसंरक्षण’. भारतीय न्याय संहितेच्या ३४ ते ४४ या कलमांतला (पूर्वीच्या दंड संहितेत ९६ ते १०६) हक्क दुसऱ्याच्या शरीराचे आणि मालमत्तेचेही रक्षण करू देतो, त्यामुळे आपल्याकडे ‘खाजगी बचाव’ असा व्यापक प्रयोग होतो. अमेरिकेविषयी लिहिताना ‘स्वसंरक्षण’ ठेवण्यास हरकत नाही. त्या शब्दाला तेथे स्वतःचा इतिहास आहे. कॅलिफोर्नियातील ओकलंड येथे १९६६ साली ह्यूई न्यूटन आणि बॉबी सील यांनी स्थापन केलेल्या पक्षाचे मूळ नाव ‘ब्लॅक पँथर पार्टी फॉर सेल्फ डिफेन्स’ असे होते. त्याचे सदस्य तेव्हाच्या कायद्यात बसेल अशा रीतीने उघडपणे भरलेल्या बंदुका घेऊन पोलिसांवर लक्ष ठेवू लागले, तेव्हा १९६७ साली कॅलिफोर्नियाने तशा बंदुका सार्वजनिक ठिकाणी बाळगण्यावर बंदी घातली. मुंबईत १९७२ साली दलित पँथरने नाव घेतले ते या पक्षावरून, आणि ‘पँथर’ हा शब्द मराठीचाच झाला. नावातला स्वसंरक्षणाचा भाग मात्र आपल्याकडे आला नाही. आपल्या लेखात या पक्षाचा उल्लेख ‘ब्लॅक पँथर’ एवढाच आहे. तेथे मूळ नाव पूर्ण लिहावे.