वाचक विचारतात : आपली बोली फोनला कशी कळणार?

प्रश्न : आई वऱ्हाडी बोलते. बोलून टाइप करायला गेली की फोन निम्मे शब्द चुकवतो. घरच्यांनी आपले आवाज दिले तर फरक पडेल का? – एक वाचक, अकोला

उत्तर : पडेल, पण लगेच नाही. तुमचा आवाज सगळ्यांसाठी खुल्या असलेल्या साठ्यात जातो आणि त्यावर कोणी बोलणे ओळखणारी नवी प्रणाली शिकवली की मगच उपयोग दिसतो. तरीही द्याच. फायरफॉक्स ब्राउझर बनवणाऱ्या मोझिलाचा ‘कॉमन व्हॉइस’ प्रकल्प २०१७ पासून असा साठा जमवतो आहे, त्यात मराठीही आहे. केंद्र सरकारच्या ‘भाषिणी’ या भाषांतर-प्रकल्पाच्या ‘भाषादान’ उपक्रमातही ‘बोलो इंडिया’ नावाचा असाच विभाग आहे.

कॉमन व्हॉइसवर मराठी निवडली की एका वेळी पाच वाक्ये येतात. दिसेल तेच वाचायचे. ‘आणि’चे ‘आनि’ झाले तर खुशाल होऊ द्या, तो तुमचा उच्चार आहे. पण ‘का’ लिहिलेले असताना ‘काऊन’ म्हटले, तर क्लिप बाद होते, कारण मजकूर आणि आवाज जुळले नाहीत की यंत्र चुकीचेच शिकते. नेहमीची चूक म्हणजे बटण दाबता दाबताच बोलायला लागणे. त्यात पहिले अक्षर कापले जाते. दाबल्यावर क्षणभर थांबा, वाक्य संपल्यावरही थांबा. पंख्याची घरघर चालते, शेजारच्या टीव्हीवरचे स्पष्ट शब्द चालत नाहीत.

यातली अडचण अशी, की वाचायला येणारी वाक्ये बहुतेक प्रमाण मराठीतली असतात. त्यामुळे आईचा हेल साठ्यात जाईल, ‘जाऊन राह्यलो’ जाणार नाही. त्यासाठी वाक्येही तुम्हीच भरायला हवीत. वाक्य १५ शब्दांच्या आत ठेवा. आकडे अक्षरांत लिहा, नाहीतर ‘१५०’ कोणी दीडशे वाचेल, कोणी एकशे पन्नास. पुस्तकातून उतरवू नका, वाक्य स्वतःचे हवे.

एकाच माणसाने ५०० वाक्ये वाचण्यापेक्षा वीस जणांनी पंचवीस-पंचवीस वाचणे कितीतरी चांगले. वय आणि लिंगही भरा. ते ऐच्छिक आहे, पण ही माहिती नसेल तर म्हाताऱ्या बायकांचे बोलणे यंत्राला कळत नाही, हे सरासरीत झाकून जाते.

बोलायचा संकोच वाटणाऱ्यांनी इतरांच्या क्लिप ऐकून तपासणीला बसावे. दोघांनी होकार दिल्याशिवाय क्लिप ग्राह्य धरली जात नाही. मात्र उच्चार गावाकडचा आहे म्हणून कोणाची क्लिप नाकारू नका. तसे केले तर ज्यांच्यासाठी हा खटाटोप, नेमके तेच आवाज गळतात.

प्रश्न : दिलेला आवाज परत घेता येतो का? – एक वाचक, सातारा

उत्तर : पूर्णपणे नाही. खाते काढून टाकता येते, पण ज्यांनी साठा आधीच उतरवून घेतला, त्यांच्याकडे तो राहतो. कॉमन व्हॉइसचा साठा ‘सीसी झिरो’ परवान्याखाली आहे, म्हणजे कोणीही, अगदी धंद्यासाठीही, वापरू शकतो. बोलणाऱ्याची ओळख शोधायची नाही, ही अट वापरणाऱ्यावर असते. हे घरातल्या प्रत्येकाला आधी सांगा, मग विचारा.

प्रश्न : आमच्या वाचनालयाकडे जुन्या अंकांच्या श्रीलिपी या जुन्या फाँटमधल्या फायली आहेत. यंत्राला मराठी शिकवायला त्या उपयोगी पडतील? – एक वाचक, चिपळूण

उत्तर : आहेत तशा नाही. जुन्या फाँटमध्ये मराठी अक्षराचे चित्र रोमन अक्षराच्या जागी बसवलेले असते, म्हणून मजकूर दुसरीकडे चिकटवला की अगम्य रोमन अक्षरे दिसतात. आधी युनिकोडमध्ये, म्हणजे सगळीकडे सारख्याच दिसणाऱ्या अक्षरांत, रूपांतर करा, तेही एका पानापासून. ऱ्हस्व वेलांटी आणि रफार हमखास सरकतात. ‘स्थिती’, ‘मूर्ती’, ‘दऱ्या’ असे शब्द शोधून तपासा. ते नीट उतरले तरच पुढची पाने घ्या.

हक्कांचे काम त्याहून किचकट आहे. मासिक तुमचे असले तरी लेख लेखकांचे असू शकतात. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षे हक्क राहतात. त्यामुळे हयात लेखकांची किंवा वारसांची लेखी परवानगी घ्या. हक्क संपलेले लेख तेवढे वेगळे काढून मराठी विकिस्रोत या खुल्या ऑनलाइन ग्रंथालयावर चढवता येतील.