ड्रिलच्या दिवशी त्याला आजारी पडायला लावू नका

नमस्कार दादा,

तुमचं मुलुंडहून आलेलं पत्र वाचलं. मुलाने बीएस्सी आयटी केलं, सीजीपीए ६.१, ऐरोलीत एका डेटा सेंटरच्या बॅकअप टीममध्ये ट्रेनी म्हणून लागलाय, रात्रपाळी असते, आणि येत्या शनिवारी डीआर ड्रिल आहे, म्हणजे डिझास्टर रिकव्हरीची, मुख्य ठिकाण बंद पडलं तर काम दुसरीकडून उभं करायची रंगीत तालीम, ज्यात त्याला दुसऱ्या शहरातून रेप्लिकेट (आपोआप कॉपी) होऊन आलेल्या व्हर्च्युअल टेपवरून डेटा रिस्टोर करून दाखवायचाय. तो जेवताना म्हणाला, माझ्या हातून कॉपीच उडाली तर? आणि तुम्ही म्हणालात, सिक लीव्ह टाक, नसती जबाबदारी अंगावर घेऊ नकोस.

तुम्ही मला विचारलंय दीड लाखाच्या एआय कोर्सबद्दल. पण मी अडकले ते ह्या सिक लीव्हपाशी. मार्क ६.१ असले काय आणि ८ असले काय, पहिल्याच नोकरीत बापाने शिकवलं की भीती वाटली की तोंड लपवायचं, तर पोरगं पुढची दहा वर्षं तेच करेल. त्यात पत्रात तीन ठिकाणी पुण्याच्या भाच्याचं पॅकेज आलंय. पत्रात तीनदा तर घरात किती वेळा निघत असेल? ते आधी बंद करा, अगदी स्पष्ट सांगते. तो रात्रभर जागून सकाळी घरी येतो आणि ताटावर बसला की दुसऱ्याचा पगार ऐकतो, असं कुणाचं काम नीट होईल?

आणि दादा, त्याला जो प्रश्न पडला ना, तो ह्या कामातला पहिला प्रश्न आहे. तुम्ही स्वतः बँकेत आहात, स्ट्राँगरूमच्या दोन चाव्या दोघांकडे का असतात हे तुम्हाला मी सांगायला नको. बॅकअपमध्येही तसंच असतं, काही सिस्टिममध्ये तर लॉक केलेला डेटा काढायचा असेल तर एका ॲडमिनच्या लॉगिनने होतच नाही, दुसऱ्या अधिकाऱ्याची मंजुरी लागते. ज्याला आपल्या हाताची भीती वाटते त्यालाच ह्या खोलीत ठेवतात.

आता तुमचा एक गैरसमज. तुम्ही लिहिलंय, कॉपी दुसऱ्या शहरात आहेच, काही झालं तर तिथून आणतील, त्यात शिकण्यासारखं काय. असं नसतं हो. व्हर्च्युअल टेप म्हणजे खरी टेप नाहीच, आतमध्ये डिस्क असते, पण बॅकअप सॉफ्टवेअरला वाटतं की समोर टेप लायब्ररी आहे, ड्राइव्ह आहेत, स्लॉट आहेत, बारकोड लावलेली कार्ट्रिज आहेत. इकडचं कार्ट्रिज तिकडे रेप्लिकेट होतं, म्हणजे इकडे जे घडतं तेच तिकडे जातं, चूकसुद्धा. इकडे कुणी टेपवर ओव्हरराइट केलं की थोड्या वेळाने तिकडची कॉपीही तशीच होणार. आणि तिकडची कॉपी साधारणपणे रीड-ओन्ली असते, काही सिस्टिममध्ये ती लायब्ररीत दिसतही नाही, व्हॉल्टमध्ये, म्हणजे लायब्ररीबाहेरच्या कोठारात पडून असते, ती आधी स्लॉटमध्ये आणावी लागते. घाईत कुणीतरी रेप्लिकेशन तोडून ती रीड-राइट करतो, मग दोन्हीकडच्या कॉप्या वेगळ्या होतात, आणि परत सिंक करताना कुठली कुणावर चढेल हे नीट बघितलं नाही तर संपलं. दुसरं म्हणजे डीआरच्या बॅकअप सर्व्हरला ते कार्ट्रिज ओळखीचं नसेल तर तो त्याला रिकामी स्क्रॅच टेप समजून नवं लेबल मारू शकतो. तुमचा मुलगा ह्यालाच घाबरलाय, आणि बरोबर घाबरलाय.

म्हणून सुट्टी टाकण्यापेक्षा त्याने शनिवारच्या आधी लीडला, म्हणजे टीमच्या प्रमुखाला जाऊन विचारावं. मूळ रेप्लिकाला हात न लावता तिचा स्नॅपशॉट (त्या क्षणाची जशीच्या तशी प्रत) किंवा वेगळी कॉपी काढून ती माउंट करता, म्हणजे सर्व्हरला जोडता येईल का? कार्ट्रिज राइट-प्रोटेक्ट आहेत का? आयबीएमच्या टीएस७७०० ह्या व्हर्च्युअल टेप यंत्रणेमध्ये तर डीआर टेस्टसाठी फ्लॅशकॉपी (असाच स्नॅपशॉट) आणि राइट-प्रोटेक्ट मोड दिलेलेच आहेत, म्हणजे ही भीती ट्रेनीलाच वाटते असं नाही, बनवणाऱ्यांनाही वाटली. डीआर सर्व्हरवर जुन्या टेप एक्स्पायर करणारे, म्हणजे मुदत संपली म्हणून पुसायला मोकळ्या करणारे, आपोआप चालणारे जॉब ड्रिलपुरते बंद केलेत का? शेवटचं रेप्लिकेशन कधी पूर्ण झालं? एकाच बारकोडचं कार्ट्रिज एकाच सर्व्हरला दोन ठिकाणी तर दिसणार नाही ना? डेटा एन्क्रिप्टेड असेल तर किल्ल्या डीआर साइटवर आहेत ना, का त्या मूळ साइटवरच राहिल्यात? आणि रिस्टोर वेगळ्या मशीनवर, वेगळ्या नेटवर्कमध्ये, जुन्या जागेवर अजिबात नाही. एवढे प्रश्न लिहून नेलेला ट्रेनी कुठल्याही लीडला आवडतो. आणि एखादा लीड ह्यावर चिडला तर मग मात्र नोकरी बदलायचा विचार करू, तेव्हा मला परत लिहा.

टेपला भविष्य नाही म्हणता, पण मुंबईत बँका, एक्स्चेंज, विमा कंपन्या असताना डीआरचं काम कुठे जाणारे? २४ फेब्रुवारी २०२१ ला एनएसईचं ट्रेडिंग भर बाजारात तासन् तास बंद पडलं होतं, आठवत असेल. २ मार्च २०२४ ला तर शनिवार असून एनएसई-बीएसईने खास सेशन ठेवून डीआर साइटवरून खरं ट्रेडिंग चालवून बघितलं. हे सगळं करायला माणसं लागतात, आणि वेळ आली की ती सहज मिळत नाहीत.

एमसीए करायचं तर सीईटी आहे, पुढच्या वर्षीही असेल. एआय कोर्सचे दीड लाख आत्ता भरू नका. लिनक्स पक्कं करू दे, थोडं पायथन, थोडं नेटवर्किंग, घरी बसून होईल. वर्षभराने त्याला स्वतःला काय हवंय ते त्यालाच विचारा, आणि ह्या वेळी पत्र त्याला लिहू दे.

एक काम मात्र नक्की करा. शुक्रवारी त्याची रात्रपाळी असेल तर ती बदलून मागायला सांगा. २०१७ च्या ३१ जानेवारीला गिटलॅब ह्या सॉफ्टवेअर कोड ठेवायची सेवा देणाऱ्या कंपनीमध्ये रात्री उशिरा काम करणाऱ्या एका इंजिनिअरने दुय्यम सर्व्हर समजून मुख्य डेटाबेसची डिरेक्टरी उडवली होती, नेहमीचे बॅकअप बघितले तर ते चालतच नव्हते, आणि शेवटी सहा तास आधी हाताने काढलेला एक स्नॅपशॉट कामी आला. तेव्हा शनिवारी झोप झालेला मुलगा मशीनसमोर बसू दे, आणि कमांड मारायच्या आधी शेजारच्याला स्क्रीन दाखवू दे.