म्हातारपण थांबेल का, निदान मंद होईल का? खानापूरच्या प्रश्नाला सविस्तर उत्तर

खानापूरहून आलेला प्रश्न थोडक्यात असा: विज्ञान माणसाचं म्हातारं होणं कधी थांबवू शकेल का? आणि ६८ वर्षांच्या अप्पांना एका विक्रेत्यानं "वय मागं नेणाऱ्या" एनएमएनच्या (पूरक म्हणून विकलं जाणारं एक रसायन) कॅप्सूल सुचवल्यात, त्या द्याव्यात का? अप्पा तरुणपणापासून बिडी ओढतात, हेही तुम्ही लिहिलंय. ते बरं केलंत, कारण माझ्या उत्तराचा शेवट तिथंच जातो.

बेळगावात बरीच वर्षं जीवशास्त्र शिकवलं आणि निवृत्तीनंतरही या विषयाचं वाचन सुटलेलं नाही. माझं मत आधीच सांगतो. वार्धक्य मंद करणं शक्य आहे असं मला मनापासून वाटतं. ते पूर्ण थांबेल असं वाटत नाही. आणि कॅप्सूलवर पैसे घालू नका.

आधी एक गैरसमज दूर करू. स्वातंत्र्याच्या वेळी भारताचं सरासरी आयुर्मान जेमतेम ३२ वर्षं होतं, आज ते सत्तरच्या आसपास आहे. म्हणून लोकांना वाटतं, विज्ञानानं म्हातारपण लांबवलंच की. पण तेव्हा बत्तिशीतला माणूस म्हातारा नव्हता. तान्ही बाळं जायची, बाळंतिणी जायच्या, पटकी, प्लेग, देवी, हिवताप यांत घरंच्या घरं बसायची, आणि सरासरी खाली यायची. या सगळ्यातून वाचलेली आज्जी तेव्हाही सत्तरी-पंच्याहत्तरी गाठायची. आपण थांबवले ते अकाली मृत्यू. म्हातारं होण्याचा वेग जवळपास तोच राहिला.

हा वेग पहिल्यांदा गणितात मांडला तो १८२५ साली बेंजामिन गॉम्पर्ट्झ या लंडनच्या विमा-गणितज्ञानं. तिशीनंतर वर्षभरात मरण येण्याची शक्यता चक्रवाढ व्याजासारखी वाढत जाते. आजच्या आकड्यांनुसार ती साधारण दर आठ वर्षांनी दुप्पट होते. लस, स्वच्छ पाणी, प्रतिजैविकं यांनी या शक्यतेच्या आलेखाची सगळी रेषा खाली आणली, पण तिचा चढ कमी झाला नाही. म्हणून एकेका रोगाशी लढून मिळणारा फायदा मर्यादित असतो. अमेरिकेच्या आकड्यांवर केलेला एक हिशोब सांगतो की कर्करोग उद्या पूर्ण नाहीसा झाला तरी सरासरी आयुष्य जेमतेम तीनेक वर्षांनी वाढेल, कारण त्याच वयात हृदयविकार, पक्षाघात आणि स्मृतिभ्रंश रांगेत उभे असतात. या सगळ्यांच्या मुळाशी असलेल्या वार्धक्यालाच हात घालता आला, तर ते सगळे एकदम पुढं ढकलले जातील. माझा जीव या विषयात अडकलाय तो यामुळं.

हा वेग बदलू शकतो का? निसर्गानं तो कितीदा तरी बदललाय. तुमच्याच तालुक्यात, भीमगडच्या रानात तळेवाडीजवळ बारापेडे गुहा आहेत. तिथलं रॉटन वटवाघूळ जगात फक्त याच गुहांत राहतं, असं कित्येक दशकं मानलं जायचं. वटवाघळांचा सगळा गटच वार्धक्याच्या अभ्यासकांना ओढ लावतो. घरातला उंदीर खाऊनपिऊन सुरक्षित ठेवला तरी दोन-तीन वर्षांत म्हातारा होऊन मरतो. सायबेरियातल्या एका गुहेत मात्र ब्रँट जातीच्या वटवाघळाच्या नराला खूण करून सोडलं होतं, तो ४१ वर्षांनी पुन्हा जिवंत सापडला. वजन सातेक ग्रॅम, म्हणजे उंदरापेक्षाही कमी. दोघंही सस्तन, पेशींची घडण तीच, डीएनएही त्याच प्रकारचा.

फरक कुठून आला? उंदीर बहुधा वर्षभरातच घुबडाच्या नाहीतर सापाच्या पोटात जातो. त्यामुळं शरीराच्या दुरुस्तीवर शक्ती खर्च करून त्याला काही मिळत नाही, लवकर पिल्लं घालण्यात मिळतं. उडणाऱ्या, गुहेत राहणाऱ्या प्राण्याला दीर्घ आयुष्याची संधी असते, म्हणून तिथं दुरुस्ती परवडते. वार्धक्याचे अभ्यासक स्टीव्हन ऑस्टाड यांनी अमेरिकेत जॉर्जियाच्या किनाऱ्याजवळच्या सापेलो बेटावर ओपोसम (मांजराएवढे, पोटाला पिशवी असलेले सस्तन प्राणी) पाहिले. त्या बेटावर हजारो वर्षं मोठे शिकारी प्राणी नव्हते, आणि तिथले ओपोसम मुख्य भूमीवरच्या भाऊबंदांपेक्षा सावकाश म्हातारे होत होते. म्हणजे म्हातारपण हा शरीरात बसवलेला गजर नाही. दुरुस्ती अपुरी पडते आणि नासधूस साचत जाते, त्याचा तो परिणाम आहे. दुरुस्ती किती करायची हे जर उत्क्रांती ठरवत असेल, तर औषधानं त्यात थोडा हस्तक्षेप करता येईल ही आशा खुळी नाही.

प्रयोगशाळेत तसं घडलेलंही आहे. १९३५ साली क्लाइव्ह मॅके यांनी उंदरांना पोषण पूर्ण पण उष्मांक कमी दिले, तर ते जास्त जगले. १९९३ साली सिंथिया केनयन यांच्या गटानं एका जनुकात बदल करून मिलिमीटरभर लांबीच्या एका कृमीचं आयुष्य दुप्पट केलं. पण जसजसं माणसाच्या जवळ यावं तसतसा फायदा आक्रसत जातो. कमी खाणाऱ्या माकडांवर अमेरिकेत दोन मोठे अभ्यास झाले, एकात आयुष्य वाढलं, दुसऱ्यात वाढलं नाही.

सगळ्यांत भक्कम पुरावा आहे तो रॅपामायसिनचा. पॅसिफिक महासागरातल्या ईस्टर बेटावरची माती १९६४ साली एका कॅनेडियन मोहिमेनं आणली. त्या मातीतल्या जिवाणूपासून हे द्रव्य वेगळं केलं ते मॉन्ट्रियलमध्ये काम करणाऱ्या सुरेंद्रनाथ सेहगल यांच्या गटानं. कंपनीनं ते संशोधन गुंडाळलं, तेव्हा सेहगल यांनी जिवाणूचे नमुने घरच्या फ्रीझरमध्ये जपून ठेवले. पुढं काम पुन्हा सुरू झालं आणि १९९९ साली मूत्रपिंड बदललेल्या रुग्णांसाठी हे औषध मंजूर झालं. सेहगल २००३ साली गेले. २००९ साली तीन स्वतंत्र प्रयोगशाळांनी एकाच वेळी निकाल दिला: ६०० दिवसांच्या, म्हणजे माणसाच्या हिशोबानं साठीच्या उंदरांना हे औषध सुरू केलं, तरी माद्यांचं आयुष्य १४ टक्के आणि नरांचं ९ टक्के वाढलं. उतारवयात सुरू करूनही उपयोग होतो, हे मला आजही फार मोठं वाटतं. पण हे मुळात प्रतिकारशक्ती दाबणारं औषध आहे. तोंड येतं, रक्तातली साखर वाढू शकते, संसर्गाचा धोका असतो. निरोगी माणसानं ते स्वतःहून घेऊ नये.

शिन्या यामानाका यांनी २००६ साली चार जनुकं वापरून प्रौढ पेशीला पुन्हा मूळपेशीच्या, म्हणजे कुठलीही पेशी बनू शकणाऱ्या पेशीच्या अवस्थेत नेलं आणि २०१२ चं नोबेल मिळवलं. तीच युक्ती अर्धवट वापरून पेशी तरुण करायचे प्रयोग उंदरांवर चालू आहेत. मात्रा जास्त झाली तर गाठी होतात. म्हाताऱ्या, विभागणी थांबलेल्या पेशी काढून टाकणारी औषधंही अशीच प्राथमिक टप्प्यावर आहेत.

मग माणसावर खात्री कशी करायची? याचं उदाहरण आपल्याच जिल्ह्यात आहे आणि ते प्रत्येकाला माहीत असावं असं मला वाटतं. २००२ ते २००५ या काळात इथल्या जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेजच्या संशोधकांनी अमेरिकी सहकाऱ्यांबरोबर बेळगाव जिल्ह्यातल्या खेड्यांत १६२० बाळंतिणींवर एक चाचणी केली. निम्म्यांना मिसोप्रोस्टॉल, म्हणजे गर्भाशय आकुंचित करून रक्तस्राव आवरणारी गोळी, निम्म्यांना तशीच दिसणारी पण औषध नसलेली गोळी. कुणाला काय मिळालं हे ना बाळंतिणीला ठाऊक ना गोळी देणाऱ्या नर्सबाईंना. बाळंतपणानंतरचा अतिरक्तस्राव १२ टक्क्यांवरून ६.४ टक्क्यांवर आला. २००६ साली हे 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. आपल्या खेड्यांतल्या बायकांनी जगाला हा पुरावा दिला, याचा मला अभिमान आहे.

त्या चाचणीचा निकाल प्रत्येक बाळंतपणानंतर काही तासांत समजत होता. वार्धक्याच्या औषधाचा निकाल कळायला वीस-तीस वर्षं लागतील. खरी अडचण ही आहे. त्यावर उपाय म्हणून अमेरिकेतले वार्धक्याचे संशोधक निर बार्झिलाय आणि सहकाऱ्यांनी ६५ ते ७९ वयाच्या सुमारे ३००० लोकांवर मेटफॉर्मिन या मधुमेहावरच्या जुन्या औषधाची सहा वर्षांची चाचणी आखली: हृदयविकार, कर्करोग, स्मृतिभ्रंश यांपैकी काहीही होणं लांबतं का, ते बघायचं. पैशाअभावी ती वर्षानुवर्षं रखडली. मेटफॉर्मिन स्वस्त आहे, त्याचं पेटंट कधीच संपलंय, त्यात कुठल्या कंपनीला नफा दिसणार? सरकारांनी अशा चाचण्यांना पैसे द्यायला हवेत.

तोवर मधुमेह नसताना शेजाऱ्याची मेटफॉर्मिनची गोळी घेऊ नका, हे मला मुद्दाम सांगावंसं वाटतं, कारण हा प्रकार मी पाहतो. उंदरांवरच्या काटेकोर चाचण्यांत तिनं एकटीनं आयुष्य लक्षणीय वाढवलं नाही. २०१९ च्या एका चाचणीत तर वजन उचलायचा व्यायाम करणाऱ्या ज्येष्ठांमध्ये या गोळीमुळं स्नायूंची वाढ कमी झाली. एनएमएनबद्दल एवढंच सिद्ध आहे की ते घेतल्यावर रक्तातलं एनएडी नावाचं, पेशींना ऊर्जा बनवायला लागणारं द्रव्य वाढतं. त्यानं माणूस जास्त जगतो किंवा कमी आजारी पडतो, हे कुणीही दाखवलेलं नाही. विक्रेत्याला विचारा, बेळगावच्या त्या चाचणीसारखी चाचणी माणसांवर कुठं झाली आणि त्यात कोणता आजार किती टक्क्यांनी कमी झाला. रक्तातल्या आकड्यावर समाधान मानू नका.

थांबवण्याविषयी. नोंदीप्रमाणं सर्वांत जास्त जगल्या त्या फ्रान्सच्या जान कालमाँ, १२२ वर्षं. त्या १९९७ साली गेल्या, त्यानंतर कुणी तिथवर पोचलेलं नाही. थांबवायचं तर डीएनएची मोडतोड, प्रथिनांचा गाळ, झिजलेल्या मूळपेशी, बदलता न येणारे मेंदूतले चेतापेशी, या सगळ्यांचा एकदम बंदोबस्त करावा लागेल, आणि पेशींना अमर्याद वाढायची मोकळीक दिली की कर्करोगाला दार उघडतं. मला इथं मार्ग दिसत नाही. पण पाच-सात धडधाकट वर्षं जास्त मिळणं, अंथरुणाला खिळलेला काळ आखूड होणं, हे आजच्या विशीतल्या मुलांच्या हयातीत घडू शकेल असं मला वाटतं.

आता अप्पा. ब्रिटनमध्ये डॉक्टरांच्याच सवयींचा ५० वर्षं अभ्यास झाला, २००४ साली त्याचा अंतिम अहवाल आला. आयुष्यभर सिगारेट ओढणारे सरासरी दहा वर्षं आधी गेले. तिशीत सोडणाऱ्यांची जवळजवळ सगळी दहा वर्षं वाचली, चाळिशीत सोडणाऱ्यांची नऊ, पन्नाशीत सहा, साठीत तीन. निपाणी-चिकोडीच्या तंबाखूवर आपल्या भागातल्या हजारो घरांची चूल पेटली आहे, तेव्हा हे लिहिताना मला जड जातं. पण बिडी सिगारेटपेक्षा सौम्य असते हा समज खोटा आहे. साठीनंतर फायदा कमी होत जातो, तरी अडुसष्टाव्या वर्षीही तो शिल्लक असतो, आणि प्रयोगशाळेतल्या कुठल्याच कॅप्सूलनं माणसाला एवढं दिल्याचा पुरावा आज नाही. सोबत रक्तदाब तपासून घ्या, गोळी लागली तर ती नेमानं द्या, रोज चालणं आणि खुर्चीवरून हात न टेकता उठण्याबसण्याचा व्यायाम सुरू करा. बिडी सोडायला मदत लागली तर सरकारचा मोफत दूरध्वनी आहे, १८००-११२-३५६. पहिले काही दिवस अप्पा चिडतील, झोप लागणार नाही. त्या दिवसांत घरातलं कुणीतरी त्यांच्याजवळ असू द्या.