बिल अडतं कुठे?

अनेक आशीर्वाद.

पाणीपुरवठ्याच्या लेखा विभागात रुजू होऊन महिना होत नाही तोच, बिलं लवकर निघावीत म्हणून नव्या सॉफ्टवेअरचा प्रस्ताव! उत्साह राहू दे, प्रस्ताव तूर्त बाजूला ठेव.

आधी पुरवठादाराचं एखादं बिल धर आणि त्याच्या मागोमाग हिंड. प्रत्येक टेबलावर दोन तारखा टिपून घे: कधी आलं, कधी पुढे गेलं. तपासणीचं खरं काम थोडक्या वेळाचं निघेल. बाकी सगळे दिवस ते नुसतं पडून असतं. कागदावर पडून राहणारं बिल उद्या स्क्रीनवर पडून राहील.

सरासरी किती दिवस, हे कळायला अहवाल मागवावा लागत नाही. जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये सिद्ध केलेला नियम पुरतो: प्रलंबित बिलांना रोज निकाली निघणाऱ्या बिलांनी भागायचं. ६०० बिलं प्रलंबित असतील, रोज ४० निकाली निघत असतील आणि आवकही तेवढीच असेल, तर एका बिलाला १५ दिवस.

अडतं बहुधा लेखा विभागाबाहेर. खरेदी आदेश, भांडाराची माल मिळाल्याची नोंद आणि बिल या तिन्हींचा मेळ बसल्याशिवाय पैसे देता येत नाहीत. पाइप जमिनीत गाडले गेले तरी भांडारात नोंद नसते, आणि शिव्या आपल्याला. तेव्हा भांडारात जाऊन बस. किरकोळ फरक किती चालेल याची मर्यादा आधीच मंजूर करून घे. छोट्या रकमांच्या सह्याही कमी कर. पाच सह्या असल्या की प्रत्येकाला वाटतं, पुढचा तपासेलच. मात्र पुरवठादाराचं बँक खातं नोंदवणारा आणि पैसे सोडणारा एकच माणूस कधीही नको, कितीही घाई असली तरी.

उशिराची किंमत वरिष्ठांना आकड्यात दाखव. ‘१० दिवसांत दिल्यास २ टक्के सूट, नाहीतर ३० दिवसांत पूर्ण रक्कम’ अशी अट असेल, तर सूट सोडणं म्हणजे २० दिवस जास्त मिळावेत म्हणून २ टक्के घालवणं, अर्थात वर्षाला सुमारे ३७ टक्के व्याज भरणं.

वसुलीची बाजू मला जास्त महत्त्वाची वाटते. मीटर न वाचता सरासरीवर बिल काढलं की ग्राहक तक्रार करतो, तक्रार मिटेपर्यंत पैसे भरत नाही, आणि आपण त्याला थकबाकीदार म्हणतो! बँकेत आलेली रक्कम ग्राहक क्रमांकाशी जुळली नाही तर ती उचंत खात्यात, म्हणजे कोणाची ते न कळलेल्या रकमांच्या तात्पुरत्या खात्यात जाते. पैसे भरलेल्या माणसाच्या हातात नळ तोडण्याची नोटीस पडते. हा ताळमेळ महिनाअखेरीला नको, रोज सकाळी कर. कालची न जुळलेली नोंद आज शोधता येते, महिन्यापूर्वीची कोणालाच आठवत नाही.

भांडवली कामांकडेही एकदा बघ. जलवाहिनीतून पाणी वाहू लागलेलं असतं, पण पूर्णत्वाचा दाखला आलेला नसतो, म्हणून ती वह्यांत ‘काम चालू’ राहते. मालमत्ता वापरायोग्य झाली की घसारा, म्हणजे तिची किंमत दरवर्षी थोडी थोडी खर्चात धरणं, सुरू व्हायला हवा. जिथे पाण्याचे दर खर्चावरून ठरतात, तिथे हा खर्च दरात उशिरा येतो आणि मग एकदम येतो.

आणि हो, विभागात एखादे जुने लेखनिक स्वतःचं वेगळं रजिस्टर ठेवत असतील. ते बंद करायला सांगू नकोस. चहाच्या वेळी त्यांच्याकडून ते मागून घे आणि त्यात असं काय आहे जे प्रणालीत सापडत नाही, ते नीट वाचून काढ.