‘इलेक्टर’ला मतदार म्हणावे का?

‘युरोपा युनिव्हर्सालिस ४’ या ऐतिहासिक डावपेचांच्या खेळातील मजकूर मराठीत आणू पाहणाऱ्या एका वाचकाने विचारले आहे की, पवित्र रोमन साम्राज्याचा (मध्य युरोपातल्या, प्रामुख्याने जर्मन मुलखांच्या जुन्या साम्राज्याचा) सम्राट निवडणाऱ्या सात ‘इलेक्टर’ना ‘मतदार’ म्हटले तर चालेल का, आणि ते देतात त्या ‘व्होट’ला ‘मतदान’ म्हणावे की आणखी काही.

व्युत्पत्तीपुरते पाहिले तर ‘मतदार’ या शब्दात चूक काढता येत नाही. दुकानदार, जमीनदार, हक्कदार या शब्दांतला फारसी ‘दार’ म्हणजे धारण करणारा. तेव्हा ज्याच्याजवळ मत आहे तो मतदार. अडचण वापराची आहे. मराठी वाचकाला मतदार म्हटले की मतदार यादी, रांग, बोटावरची शाई आणि प्रत्येकाला सारखा हक्क असलेली कोट्यवधी माणसे दिसतात. खेळ सुरू होतो ११ नोव्हेंबर १४४४ रोजी, आणि तेव्हाचे इलेक्टर अवघे सात: माइन्झ, ट्रिअर आणि कोलोन येथील आर्चबिशप, बोहेमियाचा राजा, ऱ्हाइनचा पॅलेटाइन काउंट, सॅक्सनीचा ड्यूक आणि ब्रांडेनबुर्गचा मार्ग्रेव्ह. सम्राट चौथा कार्ल याने १३५६ मध्ये काढलेल्या ‘सुवर्ण फर्माना’ने हा हक्क त्यांच्या पदांशी कायमचा जोडला होता. हे सातही जण आपापल्या मुलखाचे सत्ताधीश होते, त्यांतले तीन धर्मगुरू असले तरीही. त्यांना मतदार म्हटले की त्यांचा दर्जाच पुसला जातो.

‘निवडक’ हा शब्द काहींना सुचेल, पण तो टाळावा. पूजक, लेखक, गायक यांच्या चालीवर तो ‘निवडणारा’ असा वाटतो; मराठीत मात्र त्याचा अर्थ उलटा रूढ आहे. निवडक कथा म्हणजे निवडलेल्या कथा. ‘निवडक राजे’ असे लिहिले तर वाचक त्यांना निवडून आलेले राजे समजेल आणि खेळाचा सारा अर्थ फिरेल.

माझ्या मते ‘निर्वाचक’ हाच योग्य शब्द आहे. एरवी मी ‘निर्वाचन’पेक्षा ‘निवडणूक’ कधीही पसंत करीन, कारण तांदूळ निवडणे, भाजी निवडणे या घरातल्या क्रियापदाला वागणूक, मिरवणूक यांतला ‘णूक’ लागून तो शब्द झाला आहे आणि त्याला मराठी मातीचा वास आहे. परंतु ‘निर्वाचक’ आपल्याकडे एका विशिष्ट जागी टिकून आहे: राष्ट्रपती निवडणाऱ्या निर्वाचकगणात. सर्व जनतेऐवजी पदामुळे हक्क मिळालेल्या मोजक्या व्यक्तींनी सर्वोच्च पदावरची व्यक्ती निवडावी, ही कल्पना त्या शब्दाला आधीच चिकटलेली आहे, आणि आपल्याला नेमकी तीच हवी आहे. पहिल्या उल्लेखात ‘निर्वाचक संस्थानिक’ असे लिहावे, पुढे नुसते ‘निर्वाचक’. ‘संस्थानिक’ म्हटल्याने, स्वतःच्या मुलखात राज्य करणारा पण वर एका सम्राटाचे अधिपत्य मानणारा, हा अर्थ मराठी वाचकापर्यंत आपोआप पोहोचतो.

आता ‘व्होट’. येथे खेळाची यंत्रणा नीट पाहिली पाहिजे, कारण शब्दाचा निर्णय तिच्यावरच अवलंबून आहे. या खेळात मतदानाचा दिवस नसतो. प्रत्येक निर्वाचक सतत कोणाच्या तरी पाठीशी असतो, आणि तो कोणाच्या पाठीशी आहे हे खेळाडूला कोणत्याही क्षणी पाहता येते. सोयरीक जुळली, मैत्रीचा तह झाला, संबंध सुधारले की तो आपल्याकडे वळतो. संबंध बिघडले की दुसरीकडे जातो. सम्राट मरण पावला की त्या क्षणी ज्याच्या बाजूला अधिक निर्वाचक असतील त्याच्याकडे मुकुट जातो. ‘मतदान’ या शब्दातील ‘दान’ मात्र एकदाच घडणारी क्रिया सांगते. दिलेले दान परत घेता येत नाही. नुसते ‘मत’ चालू शकेल, कारण ‘माझे मत असे आहे’ या वाक्यातले मत टिकून राहणारे आणि बदलू शकणारे असते.

तरीही मी ‘कौल’ सुचवतो. मूळ अरबी ‘कौल’ म्हणजे बोल, दिलेला शब्द. मराठेशाहीत ओसाड पडलेल्या जमिनीवर रयतेने परत यावे म्हणून शेतसाऱ्यात सवलतीचे अभयवचन दिले जाई, तो कौलनामा. कोकणात आणि गोव्यात देवाला कौल लावतात, तेव्हाही त्याचा शब्दच मागितला जातो. वृत्तपत्रांतला ‘जनतेचा कौल’ सर्वांच्या ओळखीचा आहे. विशेष म्हणजे इंग्रजीतला ‘व्होट’ ज्या लॅटिन ‘व्होटुम’वरून आला त्याचाही मूळ अर्थ नवस किंवा प्रतिज्ञा असा आहे, दोन्ही शब्दांच्या मुळाशी वचनच आहे. (छपरावरचे कौल हा वेगळा शब्द, संदर्भामुळे गोंधळ होणार नाही.)

प्रत्यक्ष इतिहासही याच शब्दाच्या बाजूने उभा आहे. सम्राट पहिला माक्सिमिलियान याने १५१८ मध्ये आउग्सबुर्ग येथे आपल्या नातवासाठी बहुसंख्य निर्वाचकांची वचने मिळवली होती. जानेवारी १५१९ मध्ये तो वारला, ती वचने सैल झाली, फ्रान्सचा राजा पहिला फ्रान्स्वा स्पर्धेत होताच, आणि फुगर या सावकारी घराण्याच्या पैशाच्या बळावर सौदे नव्याने करावे लागले. अखेर २८ जून १५१९ रोजी फ्रांकफुर्टमध्ये नातू निवडला गेला. तोच पाचवा कार्ल. ‘निर्वाचकांनी दिलेला कौल फिरवला’ हे वाक्य या घडामोडींना जसे शोभते, तसे ‘मतदान बदलले’ शोभत नाही. खेळातल्या सूचनाही याच धाटणीने लिहाव्यात: ‘ट्रिअरचा कौल आता ऑस्ट्रियाला आहे’, ‘सॅक्सनीने कौल फिरवला’.

‘कँडिडेट’साठी ‘उमेदवार’ ठेवायला हरकत नाही. त्यात अर्ज भरण्याची सक्ती नाही, उमेद असली की पुरे.

मात्र याच खेळात पोलंडचा राजाही निवडणुकीने ठरतो, आणि तेथे हे सगळे शब्द तसेच उचलून नेऊ नयेत. १५७३ मध्ये वॉर्सॉजवळच्या मैदानात हजारो सरदार प्रत्यक्ष जमले आणि त्यांनी फ्रान्सच्या राजपुत्राला, व्हालवा घराण्यातल्या हेन्रीला, राजा निवडले. लहानशा जमिनीचा धनी असलेला सरदारही तेथे बड्या उमरावाइतकाच हक्काने उभा होता. इतिहासातल्या त्या प्रसंगाविषयी लिहिताना ‘सरदार मतदार’ आणि ‘मतदान’ हे शब्द निःशंकपणे वापरावेत.