ढ, ङ, ञ, ऋ, औ: अडलेल्या अक्षरांचे छोटे शब्द

प्रश्न असा: शब्दखेळात ढ, ङ, ञ, ऋ, औ, ळ अशी अक्षरं वाट्याला आली की गाडी अडते. त्यांचे दोन-तीन अक्षरी आणि कोशात सापडणारे शब्द कोणते?

आधी मोजणीचं बोलू. मराठी शब्दकोड्यात एका चौकटीत एक अख्खं अक्षर बसतं, काना-मात्रा-वेलांटीसकट, मग ते जोडाक्षर असलं तरी. 'स्त्री' एका चौकटीत मावते, 'वाङ्मय' तीन चौकटींत. तुमच्या खेळात हाच हिशेब आहे का, ते सुरुवातीलाच ठरवून घ्या. ङ आणि ञ चालणार की नाही हे त्यावरच ठरतं.

ढ ला लोक उगीच घाबरतात. 'ढ' हा एकट्यानेच पूर्ण शब्द आहे: अभ्यासात मागे पडणारा. अशोकाच्या ब्राह्मी शिलालेखांतला ढ आणि आजचा ढ यांचं वळण जवळजवळ तेच राहिलं, बाकीची बहुतेक अक्षरं ओळखू येऊ नयेत इतकी बदलली. म्हणून जो पुढे सरकत नाही तो 'ढ', अशी उपपत्ती सांगतात. ती खरी असो वा नसो, त्या अक्षराचं बावीसशेहून जास्त वर्षं टिकलेलं रूप खरं आहे, आणि मला त्याचं फार अप्रूप वाटतं. सुरुवातीला ढ हवा असेल तर ढब, ढेप, ढास, ढोली. शेवटी हवा असेल तर ओढ, कढ, दाढ, गूढ, दृढ. 'अढी' विसरू नका, मनात बसणारीही आणि फळं पिकवायला घालतात तीही. सगळ्यांत कामाचा शब्द 'ढाळ'. उतार या अर्थाचा हा साधा शब्द ढ आणि ळ दोन्ही एका दमात खपवतो.

ळ आणि ण तर दुर्मिळ नाहीतच. ती फक्त शब्दाच्या तोंडाशी येत नाहीत. ण ने सुरू होणारं काही शोधलंच तर जैनांचा णमोकार मंत्र सापडतो, आणि तो प्राकृतातला आहे. किंवा व्याकरणातलं 'णत्व'. ळ ला तेवढाही आधार नाही. त्यामुळे ही अक्षरं हाती आली की शब्द शेवटाकडून जुळवायला घ्यावा: घळ, झळ, छळ, आळ, खीळ, शीळ, घण, गोण, वीण, ठाण. तीन चौकटी असतील तर 'वळण' आणि 'दळण' यांत दोघंही आहेत.

ऋ साठी सगळ्यांना ऋषी आणि ऋतू आठवतात. ते एकटे लिहिताना दीर्घच, 'ऋतुराज' झाला की तु ऱ्हस्व. चौकटी एकमेकींना छेदतात तिथे हा फरक नडतो. त्याखेरीज ऋचा, ऋत, ऋजू आणि ऋक्ष (म्हणजे अस्वल) आहेत. 'ऋण' तर दोन्ही अक्षरं अवघड असलेला, तरी रोजच्या वापरातला शब्द.

औ आणि ऐ मध्ये जुनी मराठी भरून राहिली आहे. औत म्हणजे बैल जुंपून ओढायचं शेतीचं अवजार. औट म्हणजे साडेतीन; साडेतीनच्या पाढ्याला औटकी म्हणत. 'औटघटकेचं राज्य' म्हणजे साडेतीन घटकांचं, आणि एक घटका 24 मिनिटांची, म्हणजे सगळं राज्य 84 मिनिटांत आटोपलं! पाढा गेला, पण वाक्प्रचाराने शब्द जिवंत ठेवला. ऐ साठी ऐट, ऐब, ऐल, ऐवज आहेतच, शिवाय 'ऐन' हे एका झाडाचंही नाव आहे. आणि एकच चौकट उरली असेल तर 'ऊ' आहे, डोक्यातली. तिचं अनेकवचन उवा.

आता खरी कठीण दोन. ङ मराठीत सुटा, स्वर घेऊन जवळजवळ येतच नाही. संधीत क् च्या पुढे अनुनासिक आलं की तो क् ङ् होतो, तिथे तो भेटतो: वाक् आणि मय मिळून वाङ्मय, दिक् आणि मूढ मिळून दिङ्मूढ. छापील मजकुरातही 'वाड्मय' असं ड घालून लिहिलेलं दिसतं, ते चूक आहे. ङ चा टिंब हा त्या अक्षराचाच भाग आहे, तो गाळता येत नाही. ञ चे शब्द म्हणजे 'याच्ञा' (मागणं) आणि समासाच्या धड्यातला 'नञ्'. खरं तर ज्ञ मध्येही ज् आणि ञ आहेत, पण आपण तो 'द्न्य' म्हणतो, त्यामुळे ञ कानाला सापडत नाही. ज्ञ चालत असेल तर यज्ञ, सुज्ञ, प्रज्ञा, तज्ज्ञ मोकळे आहेत.

आणखी एक वाट नियमातच आहे. 1962 साली शासनाने मान्य केलेले लेखननियम तत्सम (संस्कृतातून जसेच्या तसे आलेल्या) शब्दांत अनुस्वाराऐवजी पर-सवर्ण, म्हणजे पुढच्या अक्षराच्या वर्गातलं अनुनासिक, लिहिण्याची मुभा देतात. म्हणून पङ्क, शङ्ख, कुञ्ज, मञ्च ही रूपं आज डोळ्याला परकी वाटली तरी अशुद्ध नाहीत. 'झुंज' किंवा 'भिंग' मात्र तसे लिहायचे नाहीत, ते तत्सम नव्हेत. समोरचा खेळाडू हरकत घेणारच, म्हणून ही सवलत घ्यायची की नाही ते डाव मांडण्याआधी बोलून घ्यावं. औट, ऐब, घळ यांच्याबद्दल मात्र वाद घालत बसू नये, मोल्सवर्थचा जुना मराठी-इंग्रजी कोश उघडून दाखवावा.